आक्कांच्या तिरप्या रेघा

आक्कांच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकून भंगारवाल्याच्या दारात आले. आत शिरल्या शिरल्या समोर एक लांब फळी, आणि फळीवर अर्धा नळ, अर्धं कुलूप, सायकलचा अर्धा पंप, अर्धी इस्त्री, अर्धा थर्मास. सगळं मधोमध उभं कापलेलं. कापलेल्या जागी लाल ऑइलपेंट लावलेला आणि आतली पोकळी तशीच ठेवलेली. मी मुलाखतीला आले होते. टेबलामागे बसलेल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काय शिकलीस?"

मी सांगितलं, मेकॅनिकलचा डिप्लोमा, साताऱ्यातून, डिस्टिंक्शन. डिस्टिंक्शन जरा जोरात सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक ढोबळी मिरची काढली, चाकू काढला, आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवलं.

"काप. पन कापायच्या आधी आत काय दिसंल ते कागदावर काढून दाव."

मी ऐटीत काढलं. बाहेरची जाड साल, मधे पोकळी, वरच्या देठापाशी बियांचा गोळा. मग मिरची आडवी कापली. आत पातळ पडदे होते, सालीपासून मधल्या गाभ्यापर्यंत गेलेले. जन्मभर मिरची खाल्लेली, भाजीसाठी कापलेलीही, पण हे पडदे कधी डोळ्यात भरले नव्हते. मला वाटलं, गेली नोकरी.

"चुकलीस," आक्का म्हणाल्या. "पन येत न्हाई म्हनाली न्हाईस, काढून दावलंस. सोमवारपास्नं ये." आणि मिरचीचे दोन्ही भाग त्यांनी डब्यात टाकले. संध्याकाळी त्यांची भाजी होणार होती.

सांगलीच्या एमआयडीसीत त्यांना सगळेच आक्का म्हणत. फौंड्रीवाले, लेथवाले, चहावाला, बँकेतले साहेबसुद्धा. मॅडम म्हटलेलं त्यांना चालत नसे. कुणी म्हटलंच तर त्या मागे वळून बघत आणि विचारत, "कोन आलंय?" माहेर त्यांचं सातारा जिल्ह्यातलं, जिथे घरातली निम्मी माणसं उसात आणि निम्मी फौजेत असतात तसल्या गावातलं. वडील हवालदार, नवरा सुभेदार. मुलींनी शिवण नाहीतर डी.एड. करायचं अशा काळात या बाईने ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बरीच वर्षं काढली, आणि तो कारखाना इथून हलला तेव्हा त्याच्याबरोबर न हलता स्वतःचं दुकान टाकलं. बोलणं मात्र गावाकडचंच ठेवलं. साहेब लोकांसमोर तर जास्तच.

आमचा धंदा असा. गुऱ्हाळाचा चरक, जुन्या पंपाचं कव्हर, मळणी मशीनचं चाक, ज्यांच्या कंपन्या कधीच बंद पडल्यात अशा यंत्रांचे मोडके भाग घेऊन लोक यायचे. आम्ही मापं घ्यायचो आणि कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायचो. त्यावरून सुतार लाकडाचा नमुना करायचा आणि नमुन्यावरून फौंड्रीत नवा भाग ओतला जायचा. या सगळ्यात मानाचं चित्र म्हणजे छेद. वस्तू मधोमध कापली आहे असं समजायचं आणि आत काय दिसेल ते काढायचं. करवत जिथे धातूतून गेली असेल तिथे बारीक तिरप्या रेघा मारायच्या, पंचेचाळीस अंशात. पोकळी असेल तिथे कोरं सोडायचं. या रेघांना हॅचिंग म्हणतात. कॉम्प्युटरवर ते एका क्लिकचं काम आहे. जागा दाखवली की रेघा भरल्या जातात, छापाने रांगोळी उठवावी तशा.

आक्कांची पद्धत मात्र जगावेगळी. प्रत्येक ड्रॉइंगच्या त्या दोन प्रती काढायला लावत. एक रेघांसकट, ती फौंड्रीत जायची. दुसरी बिनरेघांची, ती ऑफिसात राहायची. माल ओतून आला, त्यांनी तो हातोडीने वाजवून, मोजून, पारखून घेतला आणि मन भरलं, की मग त्या पेन्सिलीला टोक करत, सेट-स्क्वेअर घेत, आणि त्या दुसऱ्या प्रतीवर हाताने एकेक रेघ मारत बसत. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. मन भरलं नाही तर प्रत तशीच कोरी राहायची आणि माल फौंड्रीत परत जायचा.

मी एकदा चिडून विचारलं, "आक्का, भाग तयार होऊन आला. आता या रेघा कुणासाठी?"

"फौंड्रीत गेली ती ऑर्डर. हितं माल भरा, असं आपन सांगितलं. त्यांनी भरला का न्हाई, ते कोन बघनार? ही दुसरी म्हंजी साक्ष. मी रेघ मारली की मी शपथ घेतली, हितं माल हाय म्हनून. कॉम्प्युटर शपथ घेत नसतो, गं."

मला हा शुद्ध हट्टीपणा वाटायचा आणि मी तसं तोंडावर म्हणायचेही. त्यांना राग यायचा नाही. उलट मी वाद घालायला लागले की त्या चहा मागवायच्या.

छेदाचे काही नियम आहेत आणि ते पुस्तकात चार ओळींत लिहिलेले असतात. आक्कांनी त्यांचं सगळं जग त्या चार ओळींत बसवलं होतं. उदाहरणार्थ, बोल्ट, खिळा, भरीव दांडा असे भाग छेदाच्या मधे आले तरी ते उभे कापायचे नाहीत, अख्खेच दाखवायचे. कारण त्यांच्या आत वेगळं काही नसतंच. बाहेर जे आहे तेच आत. "आमचं सुभेदार त्यातलं," आक्का म्हणायच्या. "बोल्ट हाईत. कापून बघायची गरज न्हाई." सुभेदार दुपारी डबा घेऊन यायचे तेव्हा हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचे आणि मला सांगायचे, "बेटा, घरात धड राहिलेली वस्तू मी एकटाच. ते ह्या नियमाच्या कृपेनं."

त्यांच्या घरात खरोखरच धड काही नव्हतं. नवी चप्पल आणली की एका पायातली कापून तळ बघायचा, मग दुसरा जोड घ्यायचा. जावयाने हौसेने आणलेलं फिल्टरचं भांडं महिनाभरात फळीवर. कलिंगडवाल्याला तर त्यांची धास्तीच होती. लोक कलिंगडाला छोटा काप मारून बघतात, यांना ते अर्धं करून हवं असे आणि बिया कुठल्या ओळीत बसल्यात ते त्या शेजारच्या गिऱ्हाइकालाही दाखवत.

दुसरा नियम फासळ्यांचा. भाग हलका राहावा पण मजबूत व्हावा म्हणून त्याला पातळ फासळ्या दिलेल्या असतात. छेद फासळीच्या लांबीतून गेला तरी तिच्यात रेघा मारायच्या नाहीत, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं तिथे सगळं भरीवच आहे. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या हुशार पोराने दुसरीकडून कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करून घेतलं होतं, आणि कॉम्प्युटरने फासळ्यांसकट सगळीकडे रेघा भरल्या होत्या. नमुना करणाऱ्या सुताराने इमानाने रेघांचा मान राखला. मळणी मशीनचं चाक असं भरीव ओतून आलं की तो ते आक्कांना दाखवायला घेऊन आला तेव्हा टेम्पोतून उतरवायला शेजारच्या शेडमधली माणसं बोलवावी लागली. आक्का त्या चाकाभोवती एक फेरी मारून आल्या. "बारीक मानूस लांबीत कापला म्हनून तो पैलवान व्हतो व्हय?" त्या पोराने ते चाक परत न्यायलासुद्धा माणूस पाठवला नाही. ते अजून आमच्या दाराशी बसायला आहे.

आणि शेजारी शेजारी दोन वेगळे भाग असले तर त्यांच्या रेघा उलट दिशांनी मारायच्या, म्हणजे एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळतं. माझं लग्न ठरलं तेव्हा आक्कांनी मला दिलेला उपदेश एवढाच. "सासूशी रेघ जुळवायला जाऊ नगं. तिची हिकडं तर तुझी तिकडं. तवाच दोघी येगळ्या दिसाल आन एकमेकीला चिकटून ऱ्हाल." मी हा उपदेश पाळला. सासूबाईंचं आणि माझं एकाही भाजीवर एकमत नाही, आणि आमचं बरं चाललंय.

माझ्या आईला मात्र आक्का सोसल्या नाहीत. एका दिवाळीत त्या आमच्या साताऱ्याच्या घरी आल्या होत्या. आईने चांदीच्या ताटलीत करंज्या ठेवल्या. आमच्याकडे करंजीला तोंडाने नावाजायची पद्धत आहे. आक्कांनी चाकू मागितला, करंजी मधोमध कापली आणि दोन्ही भाग आईच्या डोळ्यांसमोर धरले. "बघा, सारन एका अंगाला सरकलंय. वरची पारी जाड, खालची पातळ. फौंड्रीत असंच व्हतं. पोकळी करायला आत मातीचा गोळा ठेवत्यात, तो सरकतो. मग एक बाजू जाड, एक बाजू कागदावानी." आई काही बोलली नाही. त्या गेल्यावर मात्र दोन दिवस बोलत होती. गंमत म्हणजे पुढच्या दिवाळीत पहिला घाणा तळून झाल्यावर आईने स्वतःच एक करंजी कापून पाहिली. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "मीठ बघत होते." करंजीत मीठ!

एवढं सांगितल्यावर कुणालाही वाटेल की आक्का म्हणजे एक करमणूक. मलाही तोपर्यंत तसंच वाटत होतं. पाळणेवाले आले तेव्हा ते बदललं.

दिवाळी नुकतीच झाली होती. माण तालुक्यातले एक गृहस्थ टेम्पोत एक जाडजूड लोखंडी गोल घालून घेऊन आले. त्यांचा पाळणा होता. लहान मुलांचा नव्हे, जत्रेतला, आकाशाला भिडणारा, ज्याला शहरात जायंट व्हील म्हणतात. वर्षभर या जत्रेतून त्या जत्रेत. पाळण्याच्या मधोमध जो गोल असतो, ज्याला सगळे दांडे चाकाच्या आऱ्यांसारखे येऊन मिळतात, त्याला हब म्हणतात. दोन्ही अंगांना एकेक. त्यातल्या एकाला चीर गेली होती. वेल्डिंगने बुजवली होती, ती पुन्हा उघडली होती. म्हसवडच्या सिद्धनाथाची यात्रा महिन्यावर आली होती आणि त्यांना दोन्ही हब नवे हवे होते.

"आक्का, माझं वरीस म्हसवडवर चालतं," ते म्हणाले. "रथाच्या दिवशी पाळना हुबा पायजे."

आम्ही झपाटून काम केलं. मापं घेतली, ड्रॉइंग केलं, सुताराने नमुना केला, फौंड्रीने दोन हब ओतून दिले. दिसायला देखणे आले. मशीन लावून आतली तपासणी करून घेतली, तिचा निकालही चांगला आला. फक्त तपासणाऱ्याने जाता जाता सांगितलं की फासळ्या जिथे मधल्या जाड भागाला मिळतात, तिथलं मशीनला नीट कळत नाही. आक्कांनी ते ऐकलं आणि पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. कारण तिथेच धातू सगळ्यात शेवटी थंड होतो आणि थंड होताना आत पोकळी राहायची असली तर तिथेच राहते.

पाळणेवाले टेम्पो घेऊन दारात, फौंड्रीचे मालक बिल घेऊन खुर्चीत, आणि आक्का म्हणाल्या, "ह्यातला एक कापून बघायचा."

फौंड्रीचे मालक उठूनच उभे राहिले. "आक्का, कमाल करता. चांगला माल कापायचा? आमच्यावर एवढा अविश्वास?"

"तुमच्यावर न्हाई. लोखंडावर."

"रिपोर्ट आहे ना हातात!"

"जिथलं मला पायजे तिथलं न्हाई त्यात."

पाळणेवाल्यांचा चेहरा उतरला. "आक्का, आता कापला तर दुसरा ओतायचा कवा, घासायचा कवा, आन न्यायचा कवा? रथ चुकला की माझं वरीस गेलं. माल चांगला हाय की."

"तुमाला कसं कळलं?"

"वरनं दिसतोय की."

"वरनं तुमचा जुनाबी चांगलाच दिसत हुता."

मला वाटलं, आता हे पाळणेवाले हब टेम्पोत टाकून निघून जाणार. माल त्यांचा होता, पैसे त्यांचे होते, आक्कांना अडवायचा काही हक्क नव्हता. आणि खरं सांगते, मी मनातून त्यांच्याच बाजूने होते. इतके दिवस त्यांची तगमग मी पाहिली होती.

आक्कांनी आवाज चढवला नाही. त्यांनी ती कोरी प्रत टेबलावर पसरली, हबचा छेद, बिनरेघांचा. पेन्सिल आणि सेट-स्क्वेअर त्यावर ठेवला आणि खुर्ची पाळणेवाल्यांकडे सरकवली.

"बसा. मी न्हाई कापत. तुमीच रेघा मारा, आन घेऊन जावा."

"मला कुठं येतंय, आक्का."

"सोपं हाय. हे असं धरायचं आन पेन्सिल वढायची. फकस्त येक हाय. रेघ मारायच्या आधी मनात म्हनायचं, हितं माल भरीव हाय, मला ठावं हाय. वर बसल्यात त्या लोकांच्या नावानं म्हनायचं. मग वढायची."

पाळणेवाले बसले. त्यांनी पेन्सिल धरली, दांड्यावर पकड ठेवणाऱ्या माणसासारखी, घट्ट. बाहेरच्या कडेच्या जागेत त्यांनी दोन-तीन रेघा मारल्यासुद्धा. मग हात फासळीच्या मुळाशी आला, जिथे ती मधल्या जाड भागाला मिळते. तिथे पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलं आणि टेकूनच राहिलं. फौंड्रीचे मालक काहीतरी बोलायला गेले, आक्कांनी नुसता हात वर केला. टोक दाबून दाबून कागदावर काळा ठिपका उठला, पण रेघ काही निघेना.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "कापा," ते म्हणाले.

शेजारच्या शेडमध्ये पट्ट्याची करवत होती. हब तिच्यावर चढवला आणि मधोमध, फासळीच्या मुळातून पातं जाईल असा धरला. करवतीवर पाण्याची धार सोडली होती, तिच्यातून राखाडी चिखल वाहत होता. आम्ही सगळे उभे. आक्का एकट्या स्टुलावर बसून शेंगदाणे खात होत्या. शेवटी हब दोन भागांत उघडला. कापडाने पुसला. आक्कांनी जवळ जाऊन बोट फिरवलं, आधी एका भागावर, मग दुसऱ्यावर.

आत काही नव्हतं. म्हणजे खोट काही नव्हती. घट्ट, एकसारखा, साखरेच्या दाण्यासारखा बारीक चमकणारा धातू. फासळीच्या मुळाशीसुद्धा सुईच्या टोकाएवढंही छिद्र नव्हतं.

फौंड्रीचे मालक म्हणाले, "झालं समाधान? एक नंबर माल होता. केला भंगार." आणि ते फोन लावायला बाहेर गेले. पाळणेवाले भिंतीला टेकून खाली बसले. त्या क्षणी मला आक्कांचा असा संताप आला की मी तिथून निघून जाणार होते. या बाईच्या लहरीपायी एका माणसाची जत्रा गेली, असंच माझ्या मनात आलं.

आणि आक्का? त्या खूश होत्या. पोरगं पास झाल्यासारख्या. पदराने हात पुसत त्या पाळणेवाल्यांशेजारी जमिनीवर बसल्या.

"रडताय कशाला? खोट निघाली असती तर रडायचं."

"आक्का, वाया गेला की वो."

"वाया? अवं, काल हा नुस्ता लोखंडाचा गोळा हुता. आज तुमाला ठावं हाय तो काय हाय. दुसरा शेजारी पडलाय, तोबी त्याच नमुन्याचा, त्याच वक्ताला ओतलेला. तिसरा मी ओतून घेते. खर्च निम्मा माझा. उटा, तुमचं एक काम ऱ्हायलंय."

त्यांनी त्यांना पुन्हा टेबलाशी नेलं. ती प्रत तशीच पसरलेली होती, काळ्या ठिपक्यासकट. पाळणेवाल्यांनी पेन्सिल घेतली. या वेळी हात थांबला नाही. फासळीच्या मुळाशी, मधल्या जाड भागात, सगळीकडे रेघा. कोन सुटलेला, अंतर कमीजास्त, दोन ठिकाणी रेघ हद्दीबाहेर गेलेली. माझ्या कॉलेजच्या सरांनी तो कागद फाडून टाकला असता. आक्कांनी त्यावर तपासल्याची सही केली, आणि मी पाहिलेल्या सह्यांमधली ती सगळ्यात ठसठशीत होती.

तिसरा हब ओतायला आक्का स्वतः फौंड्रीत जाऊन उभ्या राहिल्या. मालकांशी भांडण मिटवायला त्यांनी वेळ घालवला नाही, नुसती माणसं कामाला जुंपली. तेच मिश्रण, तोच नमुना, तोच ओतणारा. "ह्या खेपेला नवीन अक्कल लावू नगा," एवढंच त्यांचं सांगणं. पण लोखंडाला आपल्या घाईचं काही वाटत नाही, ते त्याच्या वेळेनेच थंड होतं. मग लेथवरचं काम. रथाच्या दिवशी म्हसवडात रथ निघाला, माणसं लोटली, आणि पाळण्याची जागा मोकळीच राहिली. पाळणेवाल्यांनी मला त्या जागेचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. मी तो आक्कांना दाखवला. फोटो बोटांनी मोठा करून बघत त्या म्हणाल्या, "मोकळी हाय ते बरं हाय." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी तिसरा हब म्हसवडला पोचला आणि पाळणा उभारायला घेतला. रथ झाला तरी जत्रा पुढे बरेच दिवस चालते. पाळणा सुरू व्हायचा होता त्या रविवारी सुभेदारांनी गाडी काढली आणि आम्ही तिघं म्हसवडला गेलो. सिद्धनाथाचं दर्शन घेतलं, भेळ खाल्ली, आणि दुपारच्या उन्हात पाळण्यापाशी पोचलो. सुभेदार घोंगड्यांच्या दुकानात अडकले. पाळणेवाले इंजिनापाशी उभे होते, आम्हाला बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. पाळण्यात माणसं भरायला अजून सुरुवात व्हायची होती. तिकिटाच्या टेबलाशी त्यांच्या मंडळी बसल्या होत्या, पुढ्यात तिकिटांचे गठ्ठे आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड. ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर, हात मशीनसारखे चालणारे.

"आक्का त्या तुमीच व्हय," त्या म्हणाल्या. "घरात लय नाव निघतं. आदी शिव्या देऊन निघायचं."

"आन आता?"

बाईंनी गठ्ठा खाली ठेवला. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज लहान केला. "मी लगीन करून ह्यांच्या घरात आले तवापास्नं ह्या पाळन्याची तिकिटं फाडतेय. गावोगाव फिरले. पन कवा बसले न्हाई. मला बसूच देत न्हवते. कितींदा म्हनलं, येक फेरी. व्हटाला कुलूप. तुझं काम खाली हाय, म्हनायचे. आज मात्र सकाळी उटल्या उटल्या आपनहून म्हनले, पयल्या फेरीला तू बस."

मी पाळणेवाल्यांकडे बघितलं. इतकी वर्षं लोकांची पोरंबाळं वर नेणाऱ्या या माणसाने स्वतःच्या बायकोला एकदाही वर जाऊ दिलं नव्हतं, आणि का, ते तिला कधी सांगितलं नव्हतं. आक्काही त्यांच्याकडेच बघत होत्या.

"मग जावा की," त्या बाईंना म्हणाल्या.

"तिकिटं कोन फाडंल?"

आक्कांनी बाईंना हाताला धरून उठवलं आणि स्वतः त्या खुर्चीत बसल्या. बाई पदर खोचून पाळण्याकडे गेल्या. पाळणेवाल्यांनी दांडी लावली, ती ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, आणि इंजिनाकडे आले. पाळणा हलला. हिरव्या लुगड्यातल्या बाई एकट्याच वर निघाल्या, डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी कड धरून. वर पोचल्या, खाली आल्या. दुसऱ्या फेरीला डोळे उघडले. तिसऱ्या फेरीला एक हात सुटला आणि पदर वाऱ्यावर गेला. इकडे तिकिटाला रांग लागली, लोक ओरडायला लागले, आक्का तिकिटं फाडत होत्या, त्यांतलं एकही सरळ फाटत नव्हतं.

पाळणेवाल्यांनी फेरी संपवायला खटक्याला हात घातला. तेवढ्यात वरून बाईंचा आवाज आला, अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल असा.

"आवं, थांबवू नगा इतक्यात!"

त्यांनी खटक्यावरचा हात काढून घेतला.